घरातले पाच धंदे आणि एक टॅक्सवाले काका : ५ पैकी ४ स्टार

नाव लिहिणार नाही, आधीच सांगते. काकांनीच बजावलंय, "ताई, सीझनला मला जेवायला वेळ नसतो, तुम्ही अजून गर्दी धाडू नका." कराडात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस आहे, जिना इतका अरुंद की वरनं कोण येत असेल तर खालच्यानं थांबायचं, गाडी लावायला जागा नाही, आत गेलं की फायलींचे गठ्ठे आणि एक पंखा जो फक्त काकांच्या दिशेनं फिरतो. तरीपण ४ स्टार देतेय, ५वा का कापला ते पुढं सांगते.

आमचं घर म्हणजे बारा भानगडी आहेत बघा. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, मिस्टरांची त्यांच्या मित्राबरोबर इलेक्ट्रिकल सामानाची पार्टनरशिप, धाकट्या दिरांचे टेम्पो, नणंद पुण्यात इंटिरियरची कामं घेते, आणि सासूबाई भाजणी, मेतकूट, लोणची करून विकतात. पाच धंदे, आणि इतकी वर्षं आमचा रिटर्न भरणारा माणूस एकच होता, तो सगळ्यांचं एकाच साच्यातनं काढायचा, करंज्या काढतात तसं. पॅन कार्ड द्या, बँक पासबुकाचा फोटो व्हॉट्सॅपला टाका, ५०० रुपये पाठवा, संध्याकाळी पावती हजर. सगळ्यांना तोच छोट्या धंद्याचा सोपा फॉर्म, सुगम म्हणजे आयटीआर-४, सगळ्यांना तेच विक्रीच्या ८ टक्के उत्पन्न, धंद्याच्या जागी "इतर किरकोळ विक्री". मला तर तो माणूस देव वाटायचा, एवढं स्वस्तात आणि काही त्रास नाही.

मग गेल्या वर्षी नणंदेनं कशासाठी तरी इन्कम टॅक्सच्या साईटला लॉगिन केलं तर आत नोटीस पडलेली, तुमचं रिटर्न डिफेक्टिव्ह आहे, १५ दिवसांत दुरुस्त करा, आणि त्यातले ११ दिवस गेलेले. कळलं कसं नाही? कारण पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल त्या माणसानं स्वतःचा टाकून ठेवलेला! ज्याचं रिटर्न त्याला नोटिशीचा पत्ता नाही. (तुमचं पण एकदा बघून घ्या, प्रोफाईलमध्ये कुणाचा नंबर आहे ते, मी सांगितल्यावर दुकानात आलेल्या तिघांनी बघितलं, त्यातल्या दोघांचं तसंच निघालं.) आमच्या शेजारच्या मेडिकलवाल्यांनी काकांकडं पाठवलं, नणंद रात्रीच्या गाडीनं कागद घेऊन आली.

काकांनी पहिल्यांदा काय केलं तर चहा मागवला आणि विचारायला सुरुवात केली. तुमचं शिक्षण काय, काम काय करता, फक्त डिझाइन देता का माल पण विकता, पैसे कोण देतं, बिल कुणाच्या नावानं. मला वाटलं हे लग्न जमवायला बसलेत का. पण निघालं काय, तर पुण्यातल्या बिल्डरनं तिच्या बिलातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापतात तो कर) कापलेला, तो २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर किती कर कापला ते दाखवणाऱ्या सरकारी पानावर, दिसत होता, जुन्या माणसानं रिफंडसाठी टीडीएस सगळा घेतला पण ज्या बिलांवर तो कापला ती बिलं पूर्ण दाखवलीच नाहीत. कर कापल्याचे पैसे परत पाहिजेत पण उत्पन्न नको, अशानं डिपार्टमेंट विचारणारच ना. आणि दुसरं म्हणजे ८ टक्केवालं कलम, २०२४-२५ च्या कायद्यातलं ४४एडी, ते तिला लागूच नाही. इंटिरियर डेकोरेशन हे वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, सीए यांच्या रांगेतलं काम धरलंय कायद्यात, त्यांना ४४एडीए लागतं आणि तिथं निम्मी जमा हे उत्पन्न धरावं लागतं, म्हणजे ५० टक्के. कुठं ८ आणि कुठं ५०.

नणंद रडकुंडीला आली, म्हणली आता टॅक्सच टॅक्स. काकांनी कॅल्क्युलेटर काढला. २०२४-२५ या वर्षाचं सांगते, तिची जमा १३ लाख ६० हजार, त्याचे निम्मे ६ लाख ८०, नवीन रिजीममध्ये (नवीन कर पद्धतीत) तेव्हा ३ लाखांपर्यंत काही नव्हतं, वरच्या ३ लाख ८० हजारांवर ५ टक्क्यांनी १९ हजार, आणि ७ लाखांच्या आत उत्पन्न असल्यानं रिबेटमध्ये, म्हणजे कर सवलतीत, ते १९ हजार पण माफ. टॅक्स शून्य, आणि बिल्डरनं कापलेला टीडीएस सगळा परत. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. म्हणजे आधीच्यानं खोटं दाखवून वाचवलं काय? काहीच नाही. फुकटची नोटीस.

दिरांचं तर याच्याहून भारी. त्यांचे दोन छोटा हत्ती आणि एक आयशर. मालवाहू गाड्यांना वेगळंच कलम आहे, ४४एई, वर्षभरात कधीही १० पेक्षा जास्त गाड्या नसतील तर वापरता येतं. त्यात धंदा किती झाला ते बघतच नाहीत, गाडी मोजतात. १२ हजार किलोच्या आतल्या गाडीला महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरायचं, त्यावरच्या मोठ्या गाडीला टनामागं १ हजार. गाडी दारात उभी राहिली तरी धरायचं, आणि महिन्यातले दोन दिवस जरी गाडी तुमच्या नावावर असली तरी तो अख्खा महिना धरायचा. काकांनी विचारलं आयशर कधी घेतली, भाऊजी म्हणले दिवाळीला, काका म्हणले दिवाळी नको, आरसीवरची तारीख सांग. तारीख निघाली २८ ऑक्टोबर. झालं, चार दिवसांसाठी ऑक्टोबर पूर्ण. दोन छोट्या गाड्यांचे वर्षाचे १ लाख ८० हजार आणि आयशरचे सहा महिन्यांचे ४५ हजार, मिळून २ लाख २५ हजार. चार दिवस थांबला असता तर साडेसात हजार कमी, असं काका हसत म्हणले.

पण खरी गंमत पुढं आहे. भाऊजींना अजून एक गाडी घ्यायचीय, लोनसाठी बँक तीन वर्षांचे रिटर्न मागतेय, आणि त्या जुन्या माणसानं दरवर्षी लाख-सव्वा लाख उत्पन्न दाखवून ठेवलेलं, का तर म्हणे टॅक्स वाचतो. बँकेचा साहेब म्हणला एवढ्या उत्पन्नात तुमचा हप्ता कुठनं बसणार. काकांनी सरळ विचारलं, डिझेल, ड्रायव्हर, टायर, हप्ते जाऊन हातात खरंच किती राहतात? भाऊजी लाजत लाजत म्हणले, साडेतीन लाखाच्या आसपास. "मग ते दाखव की लेका, २ लाख २५ हे कमीत कमी आहे, जास्त असेल तर जास्तच दाखवायचं असतं, आणि तुला टॅक्स तसाही शून्यच येतोय." ३ लाख ६० हजार दाखवले, टॅक्स खरंच शून्य. एवढी वर्षं जो टॅक्स लागणारच नव्हता तो वाचवायला आम्ही माणसाला पैसे देत होतो. हे लिहिताना पण डोकं फिरतंय.

माझं दुकान त्यामानानं सोपं. वर्षाची विक्री १७ लाख, ४४एडीमध्ये बसते, जी विक्री बँकेतून किंवा यूपीआयनं आली त्यावर कमीत कमी ६ टक्के, रोखीवर ८. पण इथं पण काकांनी एक दुपार घेतली. बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवलं आणि म्हणले या जमेतल्या विक्री नसलेल्या रकमा पेनानं खुणा करा. बघते तर काय, भिशीचे ६० हजार, बहिणीनं सोनाराला द्यायला पाठवलेले, मुलाच्या ट्रिपचे परत आलेले, सगळं त्याच क्यूआर कोडवर! माझ्याच दुकानाचा साऊंडबॉक्स भिशीच्या पैशाला पण "प्राप्त झाले" म्हणून ओरडायचा. काका म्हणले बंगळुरूत जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या जमेवरून भाजीवाल्या, चहावाल्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या ते पेपरात वाचलं ना, मग भिशीला वेगळं खातं काढा. काढलं. ११ लाख ऑनलाईन, ६ लाख रोख, म्हणजे ६६ हजार अधिक ४८ हजार, हे झालं कमीत कमी, खरा नफा त्याहून जास्त आहे तो धरून रिटर्न भरलं.

मी नवीन झेरॉक्स मशीन घेतलेलं १ लाख ८५ हजारांचं, मला वाटलं तो खर्च वजा होईल, तर नाही. या कलमात भाडं, पगार, लाईटबिल, मशीनचा घसारा सगळं आधीच धरलेलं असतं म्हणे, वेगळं काही मागता येत नाही. आणि एकदा या योजनेत आलात आणि एखाद्या वर्षी मध्येच कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर पुढची ५ वर्षं परत घेत नाहीत, त्यात ऑडिटचं पण लचांड मागं लागू शकतं. हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

आणि जीएसटी! मी निवांत होते की ४० लाखांपर्यंत नोंदणी नको. काकांनी विचारलं, "झेरॉक्स म्हणजे माल का सेवा?" मी गप्प. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म भरून देणं ही सेवा झाली आणि दोन्ही मिळून धंदा असेल तर आपल्याकडं २० लाखांची मर्यादा, आणि ज्या वस्तूंवर जीएसटी नाही त्यांची विक्री पण त्या २० लाखांत मोजायची. मी १७ लाखांवर आहे. दर महिन्याच्या १ तारखेला बेरीज मारून काकांना मेसेज करायचा असं आता ठरलंय. व्यवसाय कराचं पीटीईसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, पण माझ्या नावावर काढलेलंच नव्हतं, वर्षाचे २,५०० रुपये, ३० जूनच्या आत, ते पण काढून घेतलं. दुकानात जी मुलगी आहे तिच्या पगारातून मात्र व्यवसाय कर कापायचा नाही, महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे.

आता मिस्टरांची पार्टनरशिप. इथं घरात भांडण झालं.

एप्रिल २०२४ ला सुरू केली, डीड म्हणजे भागीदारीचा करार कुणाच्या तरी जुन्या डीडची कॉपी मारून केलेलं, त्यात एवढंच की नफा-तोटा निम्मा निम्मा. दोघांचा हिशोब सोपा, नफा झाला ४ लाख ८० हजार, प्रत्येकाला २ लाख ४०, दोघं पण ३ लाखांच्या आत, टॅक्स कशाला. काकांनी डीड वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "पगाराचं कलम कुठाय?" तर फर्म हा वेगळा माणूस धरतात, वेगळं पॅन, वेगळं रिटर्न, आणि फर्मला ३ लाख, ७ लाख असलं काही नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के सेस. तोटा झाला तरी रिटर्न भरायचंच. यातनं वाट एकच, भागीदारांचा पगार आणि त्यांच्या भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज फर्मच्या नफ्यातून वजा होतं, पण ते डीडमध्ये लिहिलेलं पाहिजे, आणि फर्मनं ४४एडी न घेता वह्या ठेवून रिटर्न भरलं पाहिजे, कारण ४४एडीत पगार वेगळा वजा होत नाही. २०२४-२५ पासून पहिल्या ६ लाख नफ्याला ९० टक्क्यांपर्यंत पगार चालतो. नुसतं पगाराचं एक कलम असतं तर ४ लाख ३२ हजार वजा, उरलेल्या ४८ हजारांवर १४,९७६ रुपये कर. कलम नाही म्हणून १ लाख ४९ हजार ७६०. वर व्याज वेगळं.

मिस्टरांचा मित्र लगेच म्हणला, मग काय, जुन्या तारखेचा स्टँप पेपर आणतो, नवीन डीड करू, कोण बघतंय. काकांनी आवाज न चढवता सांगितलं की ते मी करणार नाही, तुम्हाला करायचं असेल तर फाईल घेऊन जा. मिस्टर चिडून जिना उतरून गेले, दोन दिवस जेवताना तोच विषय, एवढी फी देऊन उपयोग काय, त्या पाचशेवाल्यानं केलं असतं. मी म्हणलं, केलं असतं आणि नोटीस पण त्याच्याच ईमेलला आली असती. तिसऱ्या दिवशी दोघं परत गेले. ऑगस्टमध्ये खऱ्या तारखेचं सप्लिमेंटरी डीड झालं, पगार, व्याज सगळं त्यात, ते पुढच्यासाठी. २०२४-२५ चे दीड लाख भरले. दुखतंय अजून, खोटं कशाला बोलू. आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला फर्मकडून पगार-व्याज मिळून वर्षाला २० हजारांच्या वर दिलं तर १० टक्के टीडीएस कापायचा नवा नियम आलाय, त्यासाठी फर्मचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा नंबर, काढावा लागतो, ते काकांनी डीडच्या दिवशीच सांगून टाकलं, आम्हाला विचारायला पण सुचलं नसतं.

फर्मच्या जीएसटीत पण हाच प्रकार. धंदा ६२ लाख, कुणीतरी सांगितलेलं कंपोझिशन घ्या, १ टक्का भरायचा आणि मोकळं. काकांचा प्रश्न, गिऱ्हाईक कोण? घरगुती का कॉन्ट्रॅक्टर? निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टर. त्यांना जीएसटीचं बिल लागतं, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं असतं, कंपोझिशनवाला जीएसटी लावून बिल देऊच शकत नाही, ते दुसऱ्या दुकानात जाणार. म्हणून साधी नोंदणी, रिटर्न तिमाही. घरगुती गिऱ्हाईकवाल्या किराणा दुकानाला हेच कंपोझिशन मस्त चालतं, असंही काका म्हणले.

फी सांगते. माझी आणि भाऊजींची प्रत्येकी १,२०० रुपये, नणंदेची नोटिशीसकट ३,०००, फर्मची ६,५०० आणि जीएसटी वेगळं. पाचशेच्या पुढं महाग वाटतं, मला पण पहिल्यांदा वाटलं. पण त्या पाचशेत प्रश्न एकही नव्हता. मधल्या काळात मी मोबाईलवर स्वतः सुगम भरता येतं का ते पण बघितलं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारख्या एका दुकानवाल्याला ते जमण्यासारखं आहे, साईटवर फुकट आहे, आधार ओटीपीनं ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं की झालं. फक्त तो फॉर्म तुम्हाला "झेरॉक्स माल का सेवा" असं विचारत नाही.

आता तक्रारी. एक, शेवटच्या आठवड्यात फोन उचलत नाहीत. २०२५ ला रिटर्नची ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबर झाली, मग रात्री उशिरा अजून एक दिवस वाढवून १६ केली, आणि आमच्या फर्मचं काम काकांनी १६ तारखेला संध्याकाळी हातात घेतलं, कागद जुलैपासून त्यांच्याकडं पडलेले असताना! मिस्टर ओटीपी सांगायला रात्री साडेदहापर्यंत जिन्यात बसून होते. चुकलं असतं तर १ हजार लेट फी कुणी भरली असती? दोन, कॉम्प्युटेशनची, म्हणजे कर कसा काढला त्या हिशोबाची, कॉपी स्वतःहून देत नाहीत, मागावी लागते. तीन, आणि ५वा स्टार इथंच गेला, ऑफिसातली मुलगी सगळ्या गिऱ्हाईकांचे पासवर्ड एका लाल वहीत लिहून ठेवते आणि ती वही टेबलावर उघडी. मी आमच्या सगळ्यांचे बदलले, काकांना सांगितलं पण, ते हसले आणि म्हणले बरोबर आहे तुमचं. वही अजून तिथंच आहे.

सासूबाईंचं राहिलंच. त्यांची विक्री साडेचार लाख, काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आजी, तुम्हाला रिटर्न भरायची सक्ती नाही, उत्पन्न मर्यादेच्या फार खाली आहे, पण मोठ्या ग्राइंडरला लोन काढायचं म्हणता तर पुढच्या वर्षीपासून भरत जा, आत्ता माझी काही फी नाही. उद्यम म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका, सरकारी साईटवर फुकट आहे (एकानं ८०० मागितले होते खरं). खाण्याच्या मालाला एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्याची) नोंदणी मात्र पाहिजे, २०२५ ला १२ लाखांच्या आत विक्रीला तिचे वर्षाला १०० रुपये होते. सासूबाईंना काका एकदम पसंत पडले, दिवाळीच्या आधी मी निघाले तेव्हा चकलीच्या भाजणीचं एक किलोचं पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणल्या फी घेत नाही तर हे तरी दे. काकांनी पाकीट घेतलं, वास घेतला, भाव विचारला आणि लगेच मोबाईल काढून सासूबाईंच्या नंबरवर पैसे पाठवले. "फुकट घेतलं तर विक्रीत धरता यायचं नाही. वहीत लिहा म्हणावं, ऑनलाईन जमा."